पाव मायक्रॉनचा हिशोब: एक्सायमर लेझर चष्म्याच्या नंबरापर्यंत कसा पोहोचला

एक्सायमर या अतिनील लेझरचा एक ठोका कॉर्नियावरून, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावरून, साधारण पाव मायक्रॉनचा थर उडवतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साठ-ऐंशी मायक्रॉन जाड असतो. तेवढं खोल जायचं तर अडीचशे-तीनशे ठोके लागतात. इतकं बारीक हत्यार डोळ्याच्या शल्यचिकित्सेत पूर्वी कधीच नव्हतं. हे कळलं तेव्हा अनेकांना वाटलं, की चष्म्याचा प्रश्न आता निव्वळ गणिताचा उरला: नंबर किती ते मोजा, तेवढे ठोके द्या, काम संपलं.

प्रत्यक्षात त्यानंतर वीसेक वर्षं गेली. हे प्रकरण त्या वीस वर्षांचं आहे. १९८१ साली हत्यार हाती आलं, आणि ते कॉर्नियावर कुठे, किती आणि कशाखाली चालवायचं हे २००० सालाच्या आसपास ठरत गेलं. मधल्या काळात जे जे बिघडलं, ते तपासलं तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. लेझरने काढायचा भाग बहुधा ठीकच काढला होता. घोटाळा झाला तो मागे उरलेल्या भागात.

चाकूच्या काळाची शिल्लक

डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवण्याचं दोन-तृतीयांश काम कॉर्निया करतो. डोळ्याची एकूण ताकद साधारण ६० डायॉप्टर (चष्म्याचा नंबरही याच एककात मोजतात), त्यातले सुमारे ४३ एकट्या कॉर्नियाचे. मधोमध त्याची जाडी ५४० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे अर्धा मिलिमीटर आणि वर थोडी. सगळ्यात वर ५० मायक्रॉनचा एपिथेलियमचा पापुद्रा असतो, तो खरवडला तरी काही दिवसांत पुन्हा भरून येतो. त्याखाली बोमनचा पातळ थर. मग स्ट्रोमा, जो एकूण जाडीच्या सुमारे ९० टक्के असतो. आणि सर्वांत आत एंडोथेलियम, पेशींची एकच ओळ. ही ओळ कॉर्नियातलं पाणी सतत बाहेर उपसत असते, म्हणून कॉर्निया काचेसारखा राहतो. या पेशी माणसाच्या डोळ्यात नव्याने तयार होत नाहीत.

हे शेवटचं वाक्य जपानमध्ये महागात पडलं. त्सुतोमू सातो यांनी १९३० आणि १९४० च्या दशकांत ऱ्हस्वदृष्टीसाठी (दूरचं धूसर दिसतं, नंबर उणे) कॉर्नियावर चिरा घेतल्या, बाहेरून आणि आतूनही. नंबर उतरला. पण आतल्या चिरांनी एंडोथेलियमच्या पेशी मेल्या, आणि बऱ्याच वर्षांनी त्या रुग्णांचे कॉर्निया पाणी धरून फुगले, पांढुरके पडले.

१९७० च्या दशकात मॉस्कोमध्ये स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांनी चिरा फक्त बाहेरून घेतल्या, चाकाच्या आऱ्यांसारख्या, मधला भाग मोकळा सोडून. चिरांमुळे कडेचा भाग सैल पडून फुगतो आणि मधला सपाट होतो, इतकं साधं तत्त्व. अमेरिकेत या पद्धतीची रीतसर पाहणी झाली. हिऱ्याच्या पातीने आठ चिरा घेतलेल्या डोळ्यांवर दहा वर्षं लक्ष ठेवलं गेलं आणि निष्कर्ष १९९४ साली आले: ४३ टक्के डोळे पहिल्या सहा महिन्यांनंतरच्या काळात एक डायॉप्टर किंवा त्याहून जास्त दूरदृष्टीकडे (जवळचं धूसर दिसण्याकडे) सरकले होते. चिरा वरवर भरल्या होत्या, पण कॉर्नियाची पूर्वीची ताकद परत आली नव्हती. तो वर्षानुवर्षं सपाट होत राहिला.

तिसरा रस्ता होसे बारॅकेर यांनी १९४९ पासून मांडला होता. त्यांचं म्हणणं असं, की चिरा घेऊन कॉर्निया सैल करण्याऐवजी त्याचा आकारच बदलावा. त्यासाठी रंध्यासारख्या हत्याराने कॉर्नियाची वरची चकती काढायची, ती गोठवायची, लेथवर घासून हवा तो आकार द्यायचा आणि पुन्हा टाके घालून बसवायची. कल्पना चोख होती, पण गोठवण्यात पेशी मरत, चकती निवळायला फार वेळ लागे, आणि यंत्र चालवायला कारागिराचा हात लागे. ही पद्धत थोड्याच लोकांना जमली. पण रंध्याची कल्पना लक्षात ठेवा, ती पुढे परत येते.

टर्कीचा तुकडा

एक्सायमर लेझरचा जन्म डोळ्यासाठी झाला नाही. १९७० साली मॉस्कोच्या लेबेदेव संस्थेत निकोलाय बासोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झेनॉनवर तो पहिल्यांदा चालवून दाखवला. आर्गॉन आणि फ्लोरिनच्या मिश्रणातून १९३ नॅनोमीटरचा अतिनील किरण त्या दशकाच्या मध्यानंतर मिळू लागला. न्यूयॉर्कजवळ यॉर्कटाउन हाइट्स इथल्या आयबीएमच्या वॉटसन संशोधन केंद्रात हा किरण आला तो प्लास्टिकसारख्या पदार्थांवर सूक्ष्म नक्षी कोरता येते का हे पाहायला.

तिथे रंगस्वामी श्रीनिवासन, जेम्स विन आणि सॅम्युअल ब्लम काम करत होते. श्रीनिवासन मूळचे मद्रासचे, रसायनशास्त्रज्ञ. प्लास्टिक इतकं स्वच्छ कापलं जातं तर जिवंत ऊतीचं काय होईल, हा प्रश्न तिघांपुढे होता. १९८१ साली थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, २७ नोव्हेंबरला, श्रीनिवासन यांनी घरच्या जेवणात उरलेला टर्कीचा तुकडा प्रयोगशाळेत आणला आणि कूर्चेवर १९३ नॅनोमीटरचा किरण सोडला. तुलनेसाठी ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या लेझरनेही कापून पाहिलं. हिरव्याने कडा करपल्या, काळ्या पडल्या. अतिनील किरणाने पडलेला खड्डा मात्र साच्यात कापल्यासारखा निघाला, आजूबाजूला भाजल्याची खूण नाही.

हा फरक कशाने पडतो ते नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढची सगळी इमारत त्यावर उभी आहे. १९३ नॅनोमीटरच्या एका फोटॉनमध्ये ६.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते. प्रथिनांतला पेप्टाइड बंध तोडायला साधारण तीन पुरतात. म्हणजे फोटॉन ऊतीला तापवून जाळत नाही, तो बंधच तोडतो. प्रथिनं हा किरण वरच्या अगदी पातळ थरातच शोषून घेतात, त्यामुळे ऊर्जा खाली उतरत नाही. ठोका १० ते २० नॅनोसेकंदांत आटोपतो, तुटलेले तुकडे वायू होऊन उडून जातात, आणि जी काही उष्णता तयार झाली ती बरीचशी त्यांच्याबरोबरच निघून जाते. शेजारच्या ऊतीची इजा एक मायक्रॉनच्याही आत राहते.

याच घराण्यातला २४८ नॅनोमीटरचा किरण का घेतला नाही? तो जास्त खोल जातो, आणि डीएनए ज्या पट्ट्यात प्रकाश सर्वाधिक शोषतं त्याच्या तो जवळ आहे. १९३ चा किरण पेशीच्या केंद्रकापर्यंत पोहोचण्याआधीच प्रथिनांत संपतो.

हत्यार आलं, काम चुकलं

१९८३ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमधल्या कोलंबिया विद्यापीठाचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल आयबीएममध्ये आले. जनावरांच्या डोळ्यांवर प्रयोग झाले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निबंध प्रसिद्ध झाला. त्या निबंधापासून कॉर्निया आणि एक्सायमर ही जोडी जमली.

पण हे हत्यार घेऊन करायचं काय? त्या काळी चष्मा घालवण्याची चालती पद्धत म्हणजे आऱ्यांच्या चिरा. त्यामुळे पहिला विचार साहजिकच असा झाला, की हिऱ्याची पाती ठेवून द्यावी आणि त्याच चिरा लेझरने घ्याव्यात. खोली नेमकी मिळेल, हात थरथरण्याचा प्रश्न नाही. बर्लिनमध्ये थिओ झायलर यांनी ॲस्टिग्मॅटिझमसाठी, म्हणजे सिलिंड्रिकल नंबरासाठी, लेझरने आडव्या चिरा घेऊन पाहिल्या.

इथे एक साधा यांत्रिक फरक आड आला. पाती ऊतीला बाजूला सारते, चीर मिटली की दोन्ही कडा एकमेकींना भेटतात. लेझर ऊती काढूनच टाकतो. त्यामुळे चिरेच्या जागी चर पडतो, रुंद आणि रिकामा. त्यात एपिथेलियम उतरतं, मग व्रण भरतो, आणि परिणाम पातीइतकाही भरवशाचा राहत नाही. जगातला सगळ्यात नेमका चाकू चिरा घेण्यात सामान्य पातीपेक्षा वाईट ठरला.

त्याचा गुण वेगळाच होता: रुंद क्षेत्रावरून, थर मोजून, ऊती उतरवणं. बारॅकेर लेथवर जे करत होते ते हा किरण डोळ्यावर जागच्या जागी करू शकत होता. ही कल्पना रुजली आणि चिरांचा विषय मागे पडला. तिचं नाव पीआरके, फोटोरिफ्रॅक्टिव्ह केराटेक्टॉमी.

तीनने भागायचं सूत्र

किती उतरवायचं, याचं उत्तर चार्ल्स मनरलिन या प्रकाशशास्त्राच्या अभियंत्याने दिलं. १९८८ साली कून्स आणि लंडनचे जॉन मार्शल यांच्याबरोबर लिहिलेल्या निबंधात हे सूत्र आहे, आणि आजही अंदाज घ्यायला तेच वापरतात:

मधली खोली (मायक्रॉन) = नंबर (डायॉप्टर) × व्यासाचा वर्ग (मिलिमीटर) ÷ ३

६ मिलिमीटर व्यासाचा भाग घासायचा तर एका डायॉप्टरला १२ मायक्रॉन. ५ मिलिमीटरला ८.३. ४ मिलिमीटरला ५.३. व्यास थोडा वाढला की खोली वर्गाने वाढते, आणि पुढच्या बहुतेक भानगडींचं मूळ इथेच आहे.

सूत्र ढोबळ आहे, ते किती ढोबळ हे करून पाहू. कॉर्नियाच्या पुढच्या पृष्ठभागाची त्रिज्या ७.८ मिलिमीटर धरली, तर १.३७६ या वक्रीभवनांकाने त्याची ताकद ४८.२ डायॉप्टर येते. पाच डायॉप्टर कमी करायचे तर त्रिज्या ८.७ करावी लागेल. ३ मिलिमीटर अर्धव्यासावर पहिल्या गोलाचा उंचवटा ०.६०० मिलिमीटर, दुसऱ्याचा सुमारे ०.५३४. फरक ६६ मायक्रॉन. सूत्र सांगतं ६०. म्हणजे मोठ्या नंबरात सूत्र खोली कमी दाखवतं, आणि ज्यांचा कॉर्निया आधीच पातळ आहे त्यांच्या बाबतीत हे सहा मायक्रॉन विसरून चालत नाही.

आणखी एक दुरुस्ती नवशिके हमखास विसरतात. चष्मा डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर पुढे असतो. चष्म्यातला उणे ५ कॉर्नियावर उणे ४.७ होतो, उणे ८ चा उणे ७.३. लहान नंबरात हा फरक नगण्य, मोठ्यात नाही.

पृष्ठभागावरचे दिवस

दिसणाऱ्या डोळ्यावरची पहिली पीआरके मार्च १९८८ मध्ये अमेरिकेत झाली. लुइझियाना राज्य विद्यापीठाच्या मार्गरीट मॅक्डॉनल्ड यांनी ती केली. रुग्ण साठीच्या घरातली एक स्त्री. डोळ्याभोवतीच्या कर्करोगामुळे तिचा डोळा काढावाच लागणार होता, तो काढण्याआधी त्यावर लेझर चालवून पाहा, असं तिने स्वतः होऊन सांगितलं. डोळा काढल्यावर ऊती सूक्ष्मदर्शकाखाली तपासता आली. माकडाच्या डोळ्यावरून माणसाच्या डोळ्याकडे जाण्याचा पूल या एका डोळ्याने बांधला. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांची नियामक संस्था) पहिल्या यंत्राला परवानगी दिली ती ऑक्टोबर १९९५ मध्ये.

शस्त्रक्रिया दिसायला सोपी. डोळ्यात भुलीचे थेंब, पापण्यांना चिमटा. एपिथेलियमचा पापुद्रा बोथट पात्याने किंवा फिरत्या ब्रशने खरवडायचा, नाहीतर २० टक्के अल्कोहोल एका गोल कड्यात वीस-तीस सेकंद धरून सैल करायचा. पृष्ठभाग एकसारखा कोरडा करायचा. रुग्णाने लुकलुकत्या दिव्याकडे पाहत राहायचं. उणे ३ ला ६ मिलिमीटरवर ३६ मायक्रॉन, म्हणजे सुमारे १४४ ठोके. सेकंदाला दहा ठोके देणारं जुनं यंत्र हे काम पंधरा सेकंदांत संपवायचं. मग धुवायचं, पट्टीसारखी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स बसवायची आणि तीन ते पाच दिवसांनी काढायची. ते दिवस दुखण्याचे असतात. कॉर्नियाच्या उघड्या पडलेल्या मज्जातंतूंवरून पापणी फिरत असते.

मग बिघडायला लागलं.

पहिली तक्रार रात्रीची. ऊती वाचवायची म्हणून सुरुवातीला ४ ते ५ मिलिमीटरचाच भाग घासत. अंधारात तरुण माणसाची बाहुली ६-७ मिलिमीटरपर्यंत फाकते. घासलेल्या वर्तुळाबाहेरून जुन्या नंबराचा प्रकाश आत येतो आणि दिव्यांभोवती कडी दिसतात. दिवसा तक्त्यावरची शेवटची ओळ वाचणारा माणूस रात्री गाडी चालवायला घाबरतो. उपाय म्हणजे व्यास वाढवणं, आणि त्याची किंमत सूत्राने आधीच सांगितलेली आहे.

दुसरी भानगड मधल्या बेटाची. घासलेल्या भागाच्या मधोमध काही मायक्रॉनचा उंचवटा राहून जाई आणि प्रतिमा दुहेरी दिसे. रुंद किरणाच्या ठोक्याने उडालेला धूर मध्ये साचतो आणि पुढच्या ठोक्याचा काही भाग गिळतो. शिवाय ठोक्यांच्या धक्क्याने पाणी मध्याकडे गोळा होतं, आणि ओली ऊती कमी उडते. आधीच्या काही यंत्रांत डोळ्यावर नायट्रोजनचा झोत सोडत. त्याने धूर हटायचा, पण पृष्ठभाग वाळून खरबरीत व्हायचा. झोत बंद केला, तर बेटं वाढली. शेवटी मध्यभागी जादा ठोके देण्याची तजवीज यंत्राच्या प्रणालीतच झाली, आणि पुढे एक मिलिमीटरच्या आसपासचा बारीक फिरता ठिपका आला तेव्हा प्रश्न बराचसा निवळला.

पाण्याचा प्रश्न आजही आहे. कॉर्निया जास्त ओला राहिला तर नंबर उरतो, जास्त सुकला तर गरजेपेक्षा अधिक घासला जातो. म्हणून लेझरच्या खोलीत तापमान आणि आर्द्रता बांधलेली असते, पापुद्रा काढल्यावर शल्यचिकित्सकाने रेंगाळायचं नसतं, आणि रोज काम सुरू करण्यापूर्वी प्लास्टिकवर ठोके देऊन किरणाची ताकद तपासली जाते. रुग्णाला परफ्यूम लावून येऊ नका म्हणतात, त्यातही तथ्य आहे: हवेतली वाफ किरणाच्या वाटेत येते.

तिसरी अडचण सर्वांत जड. साधारण उणे ६ च्या पुढच्या डोळ्यांत काही आठवड्यांनी घासलेल्या जागेवर धुकं यायला लागे. तीन ते सहा महिन्यांत ते सर्वांत दाट होई, आणि त्याबरोबर थोडा नंबरही परत येई. लेझरची काहीच चूक नव्हती. एपिथेलियम आणि बोमनचा थर गेल्यावर स्ट्रोमातल्या पेशी जाग्या होतात आणि जखम समजून नवं कोलॅजन भरू लागतात. ते जुन्यासारखं शिस्तीत रचलेलं नसतं, म्हणून पारदर्शक नसतं. जितकं खोल घासावं तितकी ही प्रतिक्रिया जोरदार, आणि उन्हातल्या अतिनील प्रकाशाने ती आणखी भडकते. स्टिरॉइडचे थेंब महिनोन्‌महिने द्यावे लागत, त्यातून काहींचा डोळ्याचा दाब चढे. खरा तोडगा २००० च्या सुमारास रुळला: घासून झाल्याबरोबर ०.०२ टक्के मायटोमायसिन-सी भिजवलेला स्पंजचा तुकडा काही सेकंद ठेवायचा, मग भरपूर पाण्याने धुवायचं. पेशींची वाढ रोखणारं हे कर्करोगावरचं औषध, एवढ्या मात्रेत, धुकं बरंचसं टाळतं.

झाकणाखाली

तोवर वाट बदलली होती. क्रीट बेटावरच्या विद्यापीठात योआनिस पालिकारिस यांनी बारॅकेर यांचा रंधा आणि एक्सायमर एकत्र आणले. चकती पूर्ण कापून काढण्याऐवजी एका बाजूला बिजागरी ठेवून झाकणासारखी उचलायची, खाली स्ट्रोमावर लेझर चालवायचा, झाकण परत टाकायचं. टाके नाहीत. आधी ससे, मग १९८९ मध्ये माणसाचा एक आंधळा डोळा. नाव लॅसिक. साधारण त्याच सुमारास मिलानमध्ये लुचो बुराटो कापून काढलेल्या चकतीच्या खालच्या अंगावर एक्सायमर चालवत होते, पण टिकली ती बिजागरी.

फायदा उघड होता. एपिथेलियम आणि बोमनचा थर जागेवर राहिले, त्यामुळे दुखणं नाही, धुकं नाही, दुसऱ्या दिवशी माणूस कामावर. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात लॅसिकने पीआरकेला जवळजवळ बाजूला सारलं. त्यात घाई झाली असं आज म्हणावं लागतं.

मायक्रोकेराटोम हा सुताराच्या रंध्याचाच प्रकार. डोळ्यावर एक कडं ठेवून हवा ओढतात, डोळ्यातला दाब पाऱ्याच्या ६५ मिलिमीटरच्या वर जातो, रुग्णाला काही क्षण अंधार दिसतो, आणि कंप पावणारी पाती कड्यावरून सरकते. दाब पुरेसा चढला नाही तर पाती पातळ किंवा अर्धवट काप घेते. फार उभार कॉर्निया दाबाखाली मध्ये दुमडतो आणि झाकणाला मधोमध भोक पडतं. फार सपाट कॉर्नियात, ४१ डायॉप्टरच्या खाली, बिजागरीच कापली जाऊन झाकण सुटं होतं. भोक पडलं तर नियम एकच: लेझर लावायचा नाही. झाकण जसंच्या तसं परत ठेवायचं, निदान तीन महिने थांबायचं. हट्टाने लेझर मारलेल्या डोळ्यांत व्रण कायमचे राहिले.

१९९८ च्या सुमारास आणखी एक गोष्ट ध्यानात आली. शस्त्रक्रियेनंतर एक ते तीन दिवसांत झाकणाखाली वाळूच्या लाटांसारखी पांढरी दाह-पेशींची रांगोळी उमटे. जंतुसंसर्ग नव्हे, कारण जंतू सापडत नसत. अनेक ठिकाणी एकाच दिवशी केलेल्या डोळ्यांत ती एकदम दिसे, म्हणजे कारण रुग्णात नसून खोलीत होतं. एक महत्त्वाचा धागा वाफेच्या निर्जंतुकीकरण यंत्राच्या पाण्याच्या टाकीपाशी गेला: टाकीत वाढलेले जिवाणू वाफेने मरत, पण त्यांच्या भिंतींतलं विष उष्णतेला दाद देत नाही आणि हत्यारांवर बसून डोळ्यात जाई. टाकी रोज रिकामी करून कोरडी ठेवणं हा त्यावरचा बिनखर्चाचा उपाय. रांगोळी दिसली तर स्टिरॉइडचे थेंब तासातासाला, आणि दाह मध्याकडे सरकला तर झाकण उचलून धुणं. इथे दिवस मोजत बसायचं नसतं, नाहीतर मधली ऊती विरघळते.

कोरडेपणा मात्र जवळजवळ सगळ्यांना. पाती मज्जातंतू कापते, अश्रूंची हाक कमी होते. बहुतेकांत काही महिन्यांत सुधारतं. ज्यांचे डोळे आधीपासून कोरडे त्यांना आधीच नाही म्हणावं हे बरं.

एका डोळ्याची वजाबाकी

खरा धक्का १९९८ साली. लॅसिक झालेल्या काही डोळ्यांत कॉर्निया महिन्यांनी, कधी वर्षांनी, पुढे फुगू लागल्याचं झायलर यांनी नोंदवलं, शंकूसारखं. नंबर परत वाढतो, तोही वेडावाकडा, चष्म्याने न सुधारणारा. नाव केराटेक्टेशिया.

त्यामागची वजाबाकी एका नमुन्याच्या डोळ्यावर करू. कॉर्निया ५२० मायक्रॉन, चष्मा उणे ८, म्हणजे कॉर्नियावर उणे ७.३. रात्रीच्या कड्यांचा त्रास नको म्हणून ६.५ मिलिमीटर व्यास. एका डायॉप्टरला १४.१, एकूण १०३ मायक्रॉन. झाकण १६० मायक्रॉनचं ठरवलं. ५२० वजा १६० वजा १०३: खाली २५७ उरले. त्या काळी किमान २५० शिल्लक ठेवावेत असा संकेत रुळला होता, म्हणजे कागदावर हा डोळा पास.

आता रंधा. १६० ची पाती नेमके १६० कापत नाही. वीस-तीस मायक्रॉनचा फरक नेहमीचा. झाकण १९० चं निघालं तर खाली २२७. हे कोणी मोजलं नाही तर कोणाला कळणारही नाही, कारण झाकण परत बसलं की एकूण जाडी तीच दिसते. पण झाकण ताण पेलत नाही. ते कडेने चिकटतं, मधल्या भागात हलकंसं टेकून राहतं. वर आणखी एक गोष्ट: स्ट्रोमाचा पुढचा भाग मागच्यापेक्षा मजबूत विणलेला असतो, आणि कापला जातो नेमका तोच. डोळ्याचा आतला दाब दिवसरात्र उरलेल्या मऊ भागाला बाहेर ढकलत राहतो.

झाकण आणि घासलेली खोली मिळून एकूण जाडीच्या किती टक्के, हा हिशोब नंतर आला. या डोळ्यात २६३ भागिले ५२०, म्हणजे ५१ टक्के. चाळीसच्या वर धोका वाढतो असं आज धरतात. हाच डोळा पीआरकेला घेतला तर ५० आणि १०३, म्हणजे २९ टक्के, शिवाय ते ५० भरून येतात. मायटोमायसिन हाताशी आल्यावर पीआरके पुन्हा टेबलावर आली ती याच वजाबाकीमुळे.

जाडी पुरेशी असूनही फुगलेले डोळे सापडले, आणि त्यातल्या अनेकांच्या कॉर्नियाच्या आकाराचे जुने नकाशे काढले तर शंकूपणाची सुरुवात आधीच दिसत होती. तपासणीत म्हणून आकड्यांपेक्षा नकाशाला जास्त वजन आहे: कॉर्नियाचा खालचा भाग वरच्यापेक्षा उभार आहे का, मागचा पृष्ठभाग कुठे पुढे आलाय का, सर्वांत पातळ जागा मध्यापासून सरकलीय का, माणूस डोळे चोळतो का. मोजणीआधी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स एक-दोन आठवडे आणि कडक लेन्स त्याहून बरेच जास्त दिवस बंद ठेवाव्या लागतात. लेन्सने दाबलेला कॉर्निया खोटा नकाशा देतो, आणि खोट्या नकाशावर केलेली वजाबाकी कितीही बिनचूक असली तरी निरुपयोगी. नंबर वर्षभरात अर्ध्या डायॉप्टरहून जास्त हललेला नसावा.

फुगवटा सुरू झालाच तर आता उपाय आहे. रायबोफ्लेविनचे (जीवनसत्त्व बी-२) थेंब देऊन कॉर्नियावर अतिनील-ए प्रकाश टाकतात, ३ मिलिवॉट प्रति चौरस सेंटिमीटर, तीस मिनिटं, त्याने कोलॅजनचे धागे एकमेकांना बांधले जातात. या क्रॉस-लिंकिंगचे पहिले निकाल जर्मनीतून २००३ मध्ये आले, त्यातही झायलर होते. फुगवटा थांबतो. गेलेला आकार सहसा परत येत नाही.

पातीच्या जागी दुसरा लेझर

रंध्याचा फरक संपवला तो फेम्टोसेकंद लेझरने, म्हणजे कल्पनेपलीकडे आखूड ठोके देणाऱ्या लेझरने. १९९३ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात चुकून किरण गेला. तपासणाऱ्या रॉन कर्ट्झ यांना दृष्टिपटलावरची जखम विलक्षण रेखीव दिसली, आणि तिबोर युहास यांच्याबरोबर त्यांनी या किरणाला कॉर्नियाकडे वळवलं. १०५३ नॅनोमीटरचा अवरक्त किरण कॉर्नियातून आरपार जातो, पण जिथे तो एका बिंदूवर एकवटतो तिथे सूक्ष्म बुडबुडा होतो. हजारो बुडबुड्यांची चादर आखली की झाकण वेगळं होतं. २००० नंतर हे यंत्र दवाखान्यांत आलं आणि झाकण १०० ते १२० मायक्रॉनवर आलं, फरकही मोजक्या मायक्रॉनचा.

वरच्या नमुन्याच्या डोळ्यात ११० चं झाकण घेतलं तर खाली ३०७ उरतात. ऐकायला छान. टक्केवारी मात्र ४१, अजूनही रेषेच्या पलीकडे. हत्यार सुधारलं म्हणून हा डोळा लॅसिकचा होत नाही.

स्माइल या पद्धतीत झाकणच नसतं. फेम्टोसेकंद लेझर स्ट्रोमाच्या आत भिंगाच्या आकाराचा तुकडा आखतो आणि तो २ ते ४ मिलिमीटरच्या चिरेतून ओढून काढतात. वरचे धागे आणि मज्जातंतू जास्त शाबूत राहतात. तुकडा काढताना वरची आणि खालची पातळी ओळखण्यात गफलत झाली तर तो अर्धा आत राहतो, एवढं कसब मात्र लागतं. अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता.

पुढच्या डॉक्टरासाठी

घासलेल्या कॉर्नियाचे दोन हिशोब आयुष्यभर चुकत राहतात. डोळ्याचा दाब मोजण्याचं यंत्र साधारण ५२० मायक्रॉनच्या कॉर्नियावर बेतलेलं आहे. पातळ कॉर्नियावर ते दाब कमी दाखवतं आणि काचबिंदू नजरेतून सुटू शकतो. दुसरा हिशोब मोतीबिंदूचा. आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढताना यंत्र कॉर्नियाचा पुढचा पृष्ठभाग मोजतं आणि मागचा त्याच प्रमाणात असेल असं गृहीत धरतं. लेझरने फक्त पुढचा सपाट केलेला असतो. कॉर्नियाची ताकद खरीपेक्षा जास्त धरली जाते, भिंग कमी ताकदीचं बसतं, आणि ऱ्हस्वदृष्टी घालवलेला माणूस शस्त्रक्रियेनंतर दूरदृष्टीचा होऊन बाहेर येतो. अशा डोळ्यांसाठी वेगळी सूत्रं आहेत. पण ती लावायची तर या डोळ्याला लेझर झाला होता हे डॉक्टरला ठाऊक हवं, आणि तीस वर्षांनी तो विषय रुग्णाच्या स्वतःच्याच लक्षात नसतो. म्हणून लेझरपूर्वीचा नंबर, कॉर्नियाच्या दोन्ही वक्रतांचे आकडे, मूळ जाडी आणि किती मायक्रॉन उतरवले, एवढं एका कागदावर लिहून रुग्णाच्या हाती द्यायचं, आणि त्याने तो घरातल्या इतर महत्त्वाच्या कागदांबरोबर ठेवायचा.